राईस घराण्याचा माग: बायबलच्या पानापासून सडबरीच्या गावदप्तरापर्यंत

सासूबाईंच्या माहेरी दोन गोष्टी सगळे पक्क्या धरून चालत. एक म्हणजे त्यांच्या आजीचं राईस घराणं वेल्समधल्या एका बड्या सरदाराच्या वंशातलं. दुसरी म्हणजे या घराण्यातल्या एका लहानग्याला इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांनी उचलून नेलं आणि मोठेपणी तो त्यांचाच प्रमुख झाला. सासूबाई पश्चिम न्यू यॉर्कमधल्या शेतकरी घरातल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेल्या. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, तेव्हा परदेशातल्या शाखांची माहिती जमवायचं काम मी केलं होतं. ते लक्षात ठेवून त्यांनी एकदा विचारलं, "माझ्या आजीकडचंही शोधून देशील?" मी आनंदाने हो म्हटलं. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, आणि या भागातल्या जुन्या गावांची दप्तरं फार चांगली जपलेली आहेत.

अशा कामात एखाद्या प्रसिद्ध पूर्वजाला धरून खाली उतरू नये. आपल्यापासून सुरुवात करावी आणि एकेक पिढी वर चढावं. प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: अमका हा अमक्याचा मुलगा, हे कोणत्या कागदावरून? नाव, गाव आणि वय जुळलं तरी नातं सिद्ध होत नाही. इंटरनेटवरच्या वंशवेलींमध्ये सासूबाईंच्या आजीपासून थेट एडमंड राईसपर्यंत नेणाऱ्या साखळ्या तयार मिळत होत्या. हा एडमंड १६३८ च्या सुमारास इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आला आणि सडबरी गाव वसवणाऱ्यांपैकी एक झाला. त्याचे वंशज अमेरिकाभर पसरलेले आहेत, त्यांची स्वतःची संघटनाही आहे. मला मिळालेल्या साखळ्यांमध्ये मधल्या दोन पिढ्या मात्र दर वेळी वेगळ्या होत्या आणि एकीलाही आधार दिलेला नव्हता. त्या सगळ्या मी बाजूला ठेवल्या.

पहिला कागद सासूबाईंच्याच कपाटात निघाला. आजीच्या बायबलमधली कुटुंबनोंदीची पानं. जुना आणि नवा करार यांच्यामध्ये अशी कोरी पानं बांधलेली असत आणि त्यांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहीत. अशा पानावर नाव दिसलं की माणूस हरखतो, पण आधी बायबल कोणत्या वर्षी छापलं ते पाहावं आणि मग शाई पाहावी. या बायबलचं छपाईचं वर्ष १८४० नंतरचं होतं आणि त्याआधीच्या सगळ्या तारखा एकाच हाताने, एकाच शाईने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. म्हणजे त्या घडल्या तेव्हा लिहिलेल्या नाहीत, कुणीतरी आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवल्या. त्यानंतरच्या नोंदींत मात्र शाई आणि अक्षर बदलत जातं, त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. सर्वांत वरचं नाव एका राईसचं, जन्म १७८० च्या दशकातला, आणि शेजारी त्याच्या बायकोचं पहिलं नाव. दोघांचे आईवडील कोण, गाव कोणतं, यावर एक अक्षर नाही. अलीकडच्या पिढ्यांची नावं मी इथे देत नाही. या माणसाला मी न्यू यॉर्कचा राईस म्हणेन.

त्याच्यापर्यंतचा रस्ता जनगणनेने सोपा केला. अमेरिकेत दर १० वर्षांनी जनगणना १७९० पासून होते, पण घरातल्या प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते १८५० मध्ये. त्याआधीच्या कागदांवर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे वयोगटांच्या रकान्यांत आकडे. बायको, मुली, म्हातारी आई या सगळ्या त्या आकड्यांत बुडालेल्या. न्यू यॉर्क राज्याची स्वतःची १८५५ ची गणना याबाबतीत फार मोलाची आहे. तिच्यात प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्माचा जिल्हा किंवा राज्य, आणि या गावात किती वर्षं राहतो, हे सगळं विचारलेलं आहे. त्या गणनेत आमचा म्हातारा मुलाच्या घरी राहत होता आणि जन्मस्थळ मॅसॅच्युसेट्स लिहिलेलं होतं. गाव शोधताना जिल्ह्यांच्या हद्दींचा हिशेब ठेवावा लागला. १८०२ मध्ये झालेला जेनेसी जिल्हा प्रचंड मोठा होता, पुढे त्यातून अनेक जिल्हे कापून काढले गेले, वायोमिंग जिल्हा १८४१ मध्ये. माणूस एकाच शेतावर राहिला तरी त्याचे कागद दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत सापडतात.

इथून पुढे भिंत होती. न्यू यॉर्कमध्ये जन्ममृत्यूची राज्यभरची नोंदणी १८८० च्या सुमारास सुरू झाली, त्याआधीचं काही सरकारी दप्तर नाही म्हटलं तरी चालेल. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर त्या नावाचे राईस भरपूर. वूस्टर जिल्ह्यातल्या वेस्टबरो आणि नॉर्थबरो या शेजारच्या दोन गावांत मिळूनच बरोबर त्या वयाचे, त्याच नावाचे दोघे होते. गावच्या कारकुनाने एकाच्या नावापुढे "दुसरा" असं लिहिलेलं. नवख्याला वाटतं की ज्युनिअर, सीनिअर म्हणजे बापलेक. त्या काळी तसं काही नव्हतं. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वडीलधारा सीनिअर आणि धाकटा ज्युनिअर, मग ते काकापुतणे असोत की परके. थोरला वारला की धाकट्याचा ज्युनिअर गळून पडायचा. इंटरनेटवरच्या वंशवेली याच जागी एकमेकींपासून फुटत होत्या: कुणी एका राईसला न्यू यॉर्कला पाठवलं होतं, कुणी दुसऱ्याला.

हा गुंता पुरुषांच्या नोंदींतून सुटला नाही. तो एका विधवेच्या कागदांतून सुटला, आणि सगळ्या शोधात मला सर्वांत जवळचं वाटलेलं दप्तर तेच आहे.

वूस्टर जिल्ह्याच्या वारसा न्यायालयाची जुनी प्रकरणं आता घरबसल्या पाहता येतात. त्या दोघांपैकी एकाचे वडील १८०० च्या आसपास मृत्युपत्र न करता वारले होते. अशा वेळी न्यायालय व्यवस्थापक नेमायचं, गावातले तीन जण घरातल्या वस्तूंची यादी करायचे, आणि लहान मुलांना पालक नेमले जायचे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी न्यायाधीश पालक निवडायचे. १४ च्या वरच्यांना स्वतः निवडायचा हक्क होता आणि ते तसं सही करून सांगायचे. त्यामुळे कुठे जन्मतारीख नसली तरी मुलाच्या वयाला एक हद्द मिळते. आमच्या राईसच्या नावाच्या मुलाने सही करून मामाला पालक निवडलेलं होतं. मामाच्या आडनावावरून त्याच्या आईचं माहेर कळलं. ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर आलेलं नव्हतं.

मग विधवेचा हिस्सा. त्या वेळच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमीनजुमल्याच्या एक तृतीयांशाचा उपभोग मरेपर्यंत मिळायचा. विकायचा हक्क नाही, राहायचा आणि कसायचा हक्क. हा तिसरा हिस्सा कागदावर तोडून दाखवण्यासाठी शेजारचे तिघे घरात आणि शेतात फिरायचे. त्यांनी लिहिलेला कागद मी किती वेळा वाचला असेन! घराची पूर्वेकडची खालची खोली तिची. तळघराचा एक भाग तिचा. पाव भाजायच्या भट्टीवर तिचा हक्क, विहिरीपर्यंत जायच्या वाटेवर तिचा हक्क, धान्याच्या कोठारात अमुक कोनाड्यापासून तमुक खांबापर्यंत तिची जागा. गवताच्या कुरणातला एक तुकडा, त्याची हद्द या दगडाच्या राशीपासून त्या ओकच्या झाडापर्यंत. काल ज्या घराची ती मालकीण होती त्या घरातल्या तिच्या वावराला परक्या तिघांनी मापं लावली. पण त्या मापांमुळेच दोनशे वर्षांनी ते घर आतून दिसतं. त्या गावांतल्या कुठल्याही पुरुषाच्या दप्तरात मला घराचं इतकं आतलं चित्र सापडलं नाही.

ही बाई नवऱ्यामागे पुष्कळ वर्षं जगली. ती गेल्यावर तिचा तिसरा हिस्सा वारसांकडे परत आला आणि त्यांनी तो विकला. ते खरेदीखत वूस्टरच्या नोंदणी कचेरीत आहे. विकणाऱ्यांमध्ये सगळी भावंडं आहेत. लग्न झालेल्या बहिणी नवऱ्यांसह, गावात राहिलेला भाऊ, आणि एक भाऊ "न्यू यॉर्क राज्यातल्या जेनेसी जिल्ह्याचा रहिवासी". शेवटी त्याच्या बायकोची निशाणी आहे, कारण बायकोने आपला भावी हिस्सा सोडल्याशिवाय विक्री निर्वेध होत नसे. तिचं पहिलं नाव बायबलच्या पानावरचंच. आणि ते नाव काही सर्रास आढळणारं नव्हतं.

एका कागदात बाप, आई, भावंडं, नवं गाव आणि बायको. दुसरा राईस नॉर्थबरोतच राहिला, तिथेच वारला, त्याचा वेगळा वारसा खटला आहे, हेही तपासून घेतलं. नुसता आपल्या माणसाच्या बाजूने पुरावा मिळून भागत नाही, दुसरा दावेदार का नाही हेही दाखवावं लागतं. सासूबाईंना फोन केला तेव्हा त्या बराच वेळ त्या पूर्वेकडच्या खोलीबद्दल विचारत होत्या. चूल कोणत्या बाजूला होती, खिडकी होती का. सरदाराची आठवणही त्यांना झाली नाही.

वेस्टबरोपासून मागे जाताना मॅसॅच्युसेट्सच्या गावदप्तरांची खरी श्रीमंती हाती येते. इथल्या वसाहतीने १६३९ मध्येच ठरवलं की जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद गावाने ठेवायची. इंग्लंडात त्या काळी चर्च बाप्तिस्मा आणि दफन लिहायचं. इथे गावचा कारकून जन्म आणि मृत्यू लिहू लागला. लग्नही सुरुवातीच्या अनेक दशकांत पाद्री लावत नसे, न्यायाधिकारी लावायचा. १९०२ मध्ये राज्याने कायदा करून १८५० पर्यंतच्या या नोंदी गावोगाव छापून घ्यायला मदत सुरू केली, आणि शेकडो गावांचे ते जाड खंड आज कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात आहेत. त्यांत नोंदीपुढे बारीक खुणा असतात: ही चर्चच्या वहीतली, ही थडग्यावरची, ही खाजगी बायबलमधली. खूण नसेल तर ती गावच्या वहीतली. या खुणा पाहिल्याशिवाय नोंद उतरवून घेऊ नये. थडग्याचा दगड मृत्यूनंतर कितीही वर्षांनी बसवलेला असू शकतो.

छापील खंडाची एक अडचण आहे. त्यात नावं वर्णानुक्रमाने लावलेली असतात, त्यामुळे मूळ वहीतला क्रम मोडतो. म्हणून मूळ वह्या पाहायला मी टाउन क्लार्कच्या कचेरीत गेले. तिथल्या बाई पोलादी दाराच्या खोलीतून वही घेऊन आल्या, मऊ उशीवर ठेवली आणि पानं कशी उलटायची ते दाखवलं. मूळ पानावर एका जोडप्याची सगळी मुलं एकाखाली एक आहेत, धाकटी दोन सोडली तर सगळी एकाच वेळी लिहिलेली. म्हणजे हे कुटुंब दुसऱ्या गावाहून इथे आल्यावर बापाने आधीच्या मुलांची नावं कारकुनाला सांगितली. छापील खंडात ही सगळी मुलं वेस्टबरोला जन्मल्यासारखी दिसतात. वेस्टबरो गाव १७१७ मध्ये मार्लबरोतून वेगळं झालं आणि वूस्टर जिल्हा १७३१ मध्ये झाला, त्यामुळे त्याआधीची खरेदीखतं आणि वारसा प्रकरणं मिडलसेक्स जिल्ह्यात शोधायची.

तिथे आम्ही थॉमस राईसपाशी पोचलो. हा थॉमस १६५४ चा, एडमंडचा नातू. आमची ओळ त्याच्या एका मुलाकडून येते. आणि सासूबाईंच्या घरातली दुसरी गोष्ट इथेच उभी होती.

८ ऑगस्ट १७०४. युरोपातल्या फ्रान्स-इंग्लंडच्या युद्धाची धग तेव्हा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या इंग्रज वसाहतींच्या, सीमेवर पोचलेली होती. थॉमसच्या घरापासून थोड्या अंतरावर मोकळ्या रानात जवसाचं पीक वाळत घालायचं काम चाललं होतं आणि घराण्यातली पोरं आसपास होती. जवळच्या झाडीच्या टेकडीवरून इंडियन योद्धे धावत आले. पाच वर्षांचा नाहोर जागीच मारला गेला. थॉमसचे दोन मुलगे अ‍ॅशर आणि अ‍ॅडोनायजा, आणि नात्यातल्या दुसऱ्या एका एडमंड राईसचे सायलस आणि टिमथी, असे चौघे धरून उत्तरेला नेले गेले. सगळे ७ ते १० वर्षांचे. अ‍ॅशरला काही वर्षांनी सोडवून परत आणलं. अ‍ॅडोनायजा कॅनडातच राहिला, माँट्रियलच्या परिसरात शेती करू लागला. सायलस आणि टिमथी माँट्रियलजवळच्या काह्नवाके इथल्या मोहॉक या इंडियन जमातीत वाढले, त्यांच्यातच लग्नं केली. टिमथी खरोखरच त्यांच्या प्रमुखांपैकी एक झाला.

वेस्टबरोचे पहिले पाद्री एबनेझर पार्कमन यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. १७४० मध्ये टिमथी वेस्टबरोला येऊन गेला. दुभाष्या बरोबर आणावा लागला, कारण इंग्रजी तो पूर्ण विसरला होता. पण ज्या घरातून खेळायला बाहेर पडला ते घर, जिथून उचलून नेलं ती जागा, आणि गावातली काही म्हातारी माणसं त्याने ओळखली. मग तो आपल्या लोकांकडे परत गेला. सासूबाईंच्या घरात या मुलाला आपल्या ओळीतला सख्खा भाऊ मानत आले होते. कागदांप्रमाणे सख्खे म्हणजे अ‍ॅशर आणि अ‍ॅडोनायजा, प्रमुख झालेला टिमथी भाऊबंदांपैकी. एवढा फरक सोडला तर तीनशे वर्षं तोंडी चालत आलेली गोष्ट खरी निघाली.

ही गोष्ट सांगताना दुसरी बाजूही याच दप्तरांत आहे आणि ती गाळणं मला पटत नाही. मार्लबरो गाव ज्या जमिनीवर वसलं तिथे ओकोमाकामेसिट नावाची ख्रिस्ती झालेल्या इंडियनांची वस्ती होती. जॉन इलियट या धर्मप्रसारकाने त्यांच्यासाठी तिथली ६,००० एकर जमीन राखून घेतली होती. वसाहतवाले आणि इंडियन यांच्यातल्या १६७५–७६ च्या युद्धात ती माणसं हुसकली गेली. पुढे १६८४ मध्ये गावकऱ्यांनी काही इंडियनांकडून त्या जमिनीचं खरेदीखत करून घेतलं, वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, ते रद्दबातल ठरवलं, तरी गावाने जमीन वाटून घेतलीच. सासूबाईंसाठी केलेल्या फाइलमध्ये १७०४ च्या पानाच्या आधी हे पान लावलेलं आहे.

थॉमसचे वडीलही थॉमस, आणि त्यांचे वडील एडमंड. ही दोन नाती सडबरीच्या आणि मिडलसेक्सच्या कागदांत स्वच्छ आहेत, त्यासाठी झगडावं लागलं नाही. सडबरीचं जुनं गावठाण आज वेलँड नावाच्या गावात येतं. १७८० मध्ये पूर्वेकडचा भाग वेगळा झाला आणि १८३५ मध्ये त्याचं नाव वेलँड झालं. एडमंड तिथे डीकन होता, म्हणजे चर्चच्या कारभारातला मानकरी. गावचा सिलेक्टमन, म्हणजे निवडून दिलेला कारभारी, आणि जनरल कोर्टातला प्रतिनिधीही होता. पण सडबरीच्या वह्या वाचताना ही पदं मागे पडतात. त्यांत आहे ती नदीकाठच्या गवताची वाटणी, कुंपणं कुणी राखायची, गुरं कुणी वळायची, पूल कुणी दुरुस्त करायचा. या गावाचा जीव त्या कुरणांत होता. हिवाळ्यात जनावरं जगवायची तर गवत हवं, आणि कुणाला किती गवत मिळालं यावरून गावातली त्याची पत कळते. १६५० च्या दशकात सामायिक रानात कुणी किती जनावरं सोडायची यावरून गावात मोठा तंटा झाला, तरुणांना जमीन पुरेना. १६५६ मध्ये १३ जणांनी जनरल कोर्टाकडे अर्ज केला: देवाच्या कृपेने आमची मुलं वाढली आहेत, आम्ही वयस्क झालो आहोत, डोळे मिटायच्या आत त्यांना स्थिरस्थावर झालेलं पाहायचं आहे, तरी नवी जमीन द्यावी. त्या १३ जणांत एडमंड राईसही आहे. त्यातून १६६० मध्ये मार्लबरो झालं. साठीतल्या बापाने मुलांसाठी केलेला हा अर्ज वाचून मला एडमंड पहिल्यांदा माणूस म्हणून भेटला.

तो इंग्लंडहून नेमका कधी आला? जहाजाच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याची सर्वांत शेवटची इंग्लिश नोंद हर्टफर्डशायरमधल्या बर्खमस्टेडच्या चर्चमधली, जोसेफ नावाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची, १३ मार्च १६३७/८. हे दुहेरी साल पाहून गोंधळू नये. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, ते १ जानेवारीला आलं १७५२ मध्ये. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या तारखा जुन्या हिशेबाने आदल्या वर्षात पडतात. शकावरून इसवी सन काढताना आपण पाडव्याच्या अलीकडे ७९ मिळवतो आणि पलीकडे ७८, तोच प्रकार. गावच्या वह्यांत महिन्यांची नावं न लिहिता नुसते आकडे असतात, आणि तिथे पहिला महिना म्हणजे मार्च. हे माहीत नसलं की मूल लग्नाआधी जन्मलेलं दिसतं, किंवा माणूस मृत्युपत्र करायच्या आधीच मेलेला. १३ मार्चची ती तारीख आपल्या हिशेबाने १६३८ ची. १६३९ मध्ये एडमंड सडबरीत आहे. कुटुंब मधल्या काळात समुद्र ओलांडून आलं.

आता वेल्सच्या सरदाराचं. ही गोष्ट १९११ मध्ये छापलेल्या एका राईस-वृत्तांतातून पसरली. त्यात एडमंडला वेल्समधल्या सर रिस अ‍ॅप थॉमसच्या वंशात बसवलेलं होतं. डोनाल्ड लाइन्स जेकबस हे अमेरिकन वंशशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी १९३० च्या दशकात ही जोडणी तपासली आणि तिला आधार नसल्याचं दाखवून दिलं. अलीकडे वंशजांनी वाय गुणसूत्राच्या चाचण्या केल्या. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे एडमंडच्या वेगवेगळ्या मुलांकडून आलेल्या पुरुष वंशजांचे निकाल एकत्र ठेवून खुद्द एडमंडचं गुणसूत्र कसं होतं ते ठरवता आलं. त्याचा गट आय-१, उत्तर युरोपात भरपूर आढळणारा. एडमंडचे आईवडील कोण ते आजवर सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंना हे सांगायला मला संकोच वाटत होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आजीने ते तिच्या वडिलांकडून ऐकलं असेल, तिला काय माहीत." आणि फाइलमधून सरदाराचं पान काढून टाकायला लावलं.

एडमंडची पहिली बायको, त्याच्या सगळ्या मोठ्या मुलांची आई, सडबरीत १३ जून १६५४ रोजी वारली. नंतर त्याने मर्सी ब्रिगम या विधवेशी लग्न केलं आणि १६६३ मध्ये तो गेला. पहिल्या बायकोचं माहेरचं नाव अमेरिकेतल्या कुठल्याच कागदावर नाही. १८५८ मध्ये राईस घराण्याचा पहिला मोठा वृत्तांत छापला गेला, त्यातही ते नव्हतं. हजारो वंशजांची नावं लागली आणि त्यांची मूळ आई बिनआडनावाची राहिली. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव आणि गाव येतं आणि तिथे ओळ संपते, पुढे तिच्या मुलांबद्दल काही नाही. आम्ही नव्या आवृत्तीत ते बदलायचा प्रयत्न केला तेव्हा निम्म्या घरांकडे आजीचं माहेर सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं. म्हणून मला ही बाब लागली.

तिचं नाव इंग्लंडातल्या चर्चच्या वह्यांनी दिलं. सफोकमधल्या बेरी सेंट एडमंड्सला १५ ऑक्टोबर १६१८ रोजी एडमंड राईस आणि टॉमसिन फ्रॉस्ट यांचं लग्न लागलं. पुढच्या वर्षापासून जवळच्या स्टॅन्स्टेड गावात त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत. आणि त्याच गावच्या वहीत ऑगस्ट १६०० मध्ये टॉमसिनचा स्वतःचा बाप्तिस्मा आहे, वडील एडवर्ड फ्रॉस्ट. एडमंडची ओळ त्याच्यापाशी थांबते, टॉमसिनची आणखी वर जाते.

सासूबाईंनी पुढचं काम ठरवून टाकलं आहे. वेस्टबरोच्या त्या विधवेचं माहेर मामाच्या आडनावावरून कळलंच आहे, तिची ओळ आधी घ्यायची. नंतर न्यू यॉर्कच्या राईसची बायको, जिची निशाणी खरेदीखतावर आहे. तिच्या बापाचं नाव अजून हवं आहे, आणि त्यासाठी मी आता नॉर्थबरोच्या लग्नाच्या इराद्यांची वही वाचते आहे. लग्नाआधी वधूवरांची नावं गावात जाहीर करावी लागत, आणि वधू दुसऱ्या गावची असेल तर तिच्या गावाचं नावही कारकून लिहायचा.